साठ गुंठे की वीस? वर्गात शिकलेला निवाडा आणि आमच्या घरातले हक्कसोडपत्र

निफाडची विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये तीन वर्षांच्या विधी पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. सकाळी वर्ग करते आणि नंतर एका पतसंस्थेत नोकरी करते. घर निफाड तालुक्यात आहे, द्राक्षाची बाग धरून एकूण सहा एकर जमीन आहे. प्रश्न जरा लांबला आहे, सांभाळून घ्यावे.

कौटुंबिक कायद्याच्या विषयात आम्हाला ‘सामाजिक बदल आणि कायद्याचा प्रतिसाद’ असा प्रकल्प लिहायचा होता. मी त्यासाठी वडिलोपार्जित मिळकतीतील मुलींचा हक्क निवडला. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली केंद्राची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, अशी एक चढती कमान मी मांडली. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील वाटेकरी, होते आणि दुरुस्तीच्या दिवशी तिचे वडील हयात असण्याची गरज नाही, हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिले होते. प्रकल्पाला वीसपैकी अठरा गुण मिळाले.

त्यानंतर पंधराच दिवसांनी माझ्या तीन आत्यांनी माझ्या वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. आजोबा १९९८ मध्ये वारले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. जमीन आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आलेली आहे आणि माझे वडील हे आत्यांचे एकुलते एक भाऊ आहेत. थोरल्या दोघी आत्यांची लग्ने १९८० च्या दशकात झाली, धाकटीचे १९९६ मध्ये झाले. बागेवर कर्ज काढायचे होते आणि त्यासाठी सातबारावर एकच नाव हवे होते, एवढेच निमित्त. नोंदणीपूर्वी दस्ताची माहिती संकेतस्थळावर भरावी लागते. ती मीच भरली, कारण घरात हे काम मलाच येते. लिहून देणार तीन, लिहून घेणार एक, मोबदला शून्य.

दुय्यम निबंधक कार्यालयात धाकट्या आत्याचा अंगठा यंत्रावर उमटेना. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या बागेत विरळणीला जाऊन तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. तिने पदराला अंगठा पुसून चार वेळा ठेवला, तेव्हा कुठे तो यंत्राने घेतला. मग आम्ही सगळे एकत्र जेवायला गेलो. कोणी रडले नाही, कोणी भांडले नाही. मी मात्र जेवताना आत्यांकडे पाहू शकले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कायदा बदलला आणि वर्तन बदलले नाही, तर त्याला ‘कायद्याचा प्रतिसाद’ म्हणता येते का? विधी महाविद्यालयाने आम्हाला निवाडा शिकवावा की त्या कार्यालयातला तो अर्धा तासही शिकवावा? आणि मी त्या दिवशी काही बोलायला हवे होते का?

तीस वर्षे दिवाणी बाजू

ताई, आधी हिशेब करू. आपण प्रकल्पात ‘चढती कमान’ मांडली आहे, परंतु आपल्याच घराचे आकडे तिच्यावर ठेवून पाहिले तर ती मध्येच खचते.

सहा एकर म्हणजे २४० गुंठे. १९९४ ची दुरुस्ती झालीच नाही असे क्षणभर धरू. आजोबा वारले तेव्हा सहदायाद दोनच, आजोबा आणि आपले वडील. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असे कायदा गृहीत धरत असे. त्या गृहीत वाटपात आजोबांच्या वाट्याला १२० गुंठे आले आणि ते चार मुलांत सारखे वाटले, म्हणून प्रत्येक आत्याला ३० गुंठे मिळाले.

आता १९९४ ची दुरुस्ती लावू. ती २२ जून १९९४ पासून अमलात आली आणि तिने आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे आपल्या तीन आत्यांपैकी फक्त धाकटी सहदायाद झाली. वाटेकरी तीन झाल्याने आजोबांचा हिस्सा १२० वरून ८० गुंठ्यांवर आला आणि त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे वीस गुंठे, थोरल्या दोघींना प्रत्येकी मिळाले. धाकटीला स्वतःचे ८० आणि वारसाचे २० असे शंभर, वडिलांनाही तेवढेच. मुलींना हक्क देण्यासाठी केलेल्या दुरुस्तीने घरातल्या दोन मुलींचे दहा-दहा गुंठे कमी केले. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, पण दुरुस्तीचा मसुदा करताना आपल्या घरासारख्या घराचा हिशेब मांडून पाहिला असता तर ही गोष्ट तेव्हाच लक्षात आली असती.

२००५ च्या दुरुस्तीने विवाहित आणि अविवाहित हा भेद गेला. तरीही वडील आधीच वारलेले असतील तर काय, हा प्रश्न पंधरा वर्षे लोंबकळत राहिला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलवती प्रकरणात सांगितले की हयात वडिलांच्या हयात मुलीलाच हा हक्क आहे. २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात वडील २००१ मध्ये वारलेले असूनही मुलींना हिस्सा दिला गेला. दोन्ही निवाडे दोन न्यायमूर्तींच्या पीठांचे असल्यामुळे आम्ही वकील ज्या बाजूने उभे असू त्या बाजूचा निवाडा दाखवत होतो. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गाठ सोडवली आणि त्याबरोबर हेही सांगितले की मृत्यूच्या वेळचे ते गृहीत वाटप म्हणजे प्रत्यक्ष वाटप नव्हे. आपल्या घरात २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झालेला नसेल, तर आजोबा धरून पाच सहदायाद, प्रत्येकी ४८ गुंठे. आजोबांच्या ४८ मधले बारा-बारा चौघांना. म्हणजे आपल्या तिन्ही आत्यांनी त्या दिवशी प्रत्येकी साठ गुंठे सोडले.

आणखी एक गंमत ऐका. हीच जमीन आजोबांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली असती आणि मृत्युपत्र न करता ते गेले असते, तर १९५६ पासूनच प्रत्येक मुलीला साठ गुंठे होते. तोच बाप, त्याच मुली, तेवढीच जमीन, आणि फरक फक्त ती बापाकडे कोठून आली एवढाच.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि तेथे मला स्वतःविषयी बोलावे लागेल. मी कारकिर्दीत किती हक्कसोडपत्रे लिहिली त्याची मोजदाद नाही. ठराविक मजकूर असतो: ‘सदर मिळकतीतील माझा हक्क, हितसंबंध मी स्वखुशीने, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाविना सोडून देत आहे.’ हे वाक्य मी शेकडो बायकांच्या तोंडी घातले आणि त्यांच्यापैकी एकीलाही एकटीला बसवून विचारले नाही. २०२० नंतर मी एक पद्धत सुरू केली. दस्त करण्यापूर्वी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगायचे आणि बहिणीला तिचे गुंठे आकड्यात सांगायचे. पहिल्याच वेळी भाऊ रागावले, कागद उचलून शेजारच्या टेबलावर गेले आणि संध्याकाळपर्यंत दस्त नोंदवूनही मोकळे झाले. माझी फी बुडाली. तरी पद्धत सोडलेली नाही, कारण त्यानंतर अशा दोन बायका निघाल्या की त्यांनी आकडा ऐकला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘असू द्या, लिहा.’ त्यांनी जे सोडले ते माहीत असून सोडले. त्या हक्कसोडपत्राला मी वाईट म्हणणार नाही. आपला हक्क देऊन टाकण्याचा अधिकार हाही मालकीचाच भाग आहे.

कायद्याच्या बाजूने एवढे लक्षात ठेवा की केवळ हक्क माहीत नव्हता म्हणून नोंदलेला दस्त रद्द होत नाही. फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे ती हकीकत कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. आपल्या घरात तसे काही झालेले दिसत नाही. म्हणूनच दस्तापूर्वीचा अर्धा तास महत्त्वाचा असतो.

अध्यापिका, गंगापूर रोड

वर वकीलसाहेबांनी केलेला हिशेब मी गेली काही वर्षे विनीता शर्मा शिकवत असूनही वर्गात कधी मांडलेला नाही, हे आधी कबूल करते. आम्ही निवाड्याचे तथ्य, मुद्दा, निर्णय आणि कारणमीमांसा शिकवतो. आकडे आले की ते ‘व्यवहारातले’ म्हणून बाजूला ठेवतो. परंतु १९९४ च्या दुरुस्तीचा तो वीस गुंठ्यांचा परिणाम आकड्यांशिवाय दिसतच नाही.

विद्यार्थिनीने विचारलेला पहिला प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर सदतीस वर्षांनी, आणि तरीही त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट ‘कायदा पुढे, समाज मागे’ याचे उदाहरण म्हणून येते आणि तिथेच संपते. त्या कायद्याचे दुसरे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरचा हक्क त्या कलमाने संपत असे. आता आपल्याकडच्या असंख्य शेतकरी आणि कारागीर जातींचा विचार करा. त्यांच्यात पाट लावण्याची, मोहतूर लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांना पुनर्विवाहासाठी इंग्रजांच्या परवानगीची गरजच नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे ठरवले की मिळकत जाण्याचे कलम या जातींतील विधवांनाही लागू आहे. अलाहाबादच्या न्यायालयाने उलट मत घेतले होते. म्हणजे वरच्या जातींतील विधवांसाठी दार उघडताना कायद्याने इतर जातींतील विधवांच्या हातचे शेत काढून घेतले. तेव्हा कायदा समाजाच्या पुढे की मागे, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कोणत्या समाजाच्या, आणि त्यातल्या कोणाच्या, असे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

दुसरा संदर्भ आपल्या जिल्ह्याचाच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, हे येथे सर्वांना माहीत असते. त्याच वर्षी जूनमध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते, हे मात्र माझ्या वर्गात दरवर्षी एखाद्यालाच माहीत असते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० पासून पाच वर्षे चालवून पाहिलेला माणूस त्या वर्षी कायदा शिकवण्याच्या संस्थेचा प्रमुख होता. पुढे कायदामंत्री म्हणून त्यांनी जे हिंदू संहिता विधेयक मांडले त्यात जन्मसिद्ध सहदायादीच मोडीत काढली होती. विधेयक रखडले, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १९५६ च्या कायद्यात सहदायादी कायम राहिली. ती तेव्हाच गेली असती तर वीस, तीस, शंभर, साठ हा वरचा हिशेब करण्याची वेळच आली नसती. केरळने १९७५ च्या कायद्याने ती मोडली. आपण मात्र तिच्यात मुलींना बसवत गेलो.

अभ्यासक्रमाविषयी. आपल्या नियमांत तरतूद नाही असे नव्हे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. मसुदालेखन आणि अभिरूप न्यायालय हे सक्तीचे विषय आहेत, विधी साहाय्य केंद्रही असते. प्रत्यक्षात काय होते ते आपण सर्व जाणतो: वरच्या वर्गाची रोजनिशी खाली येते, तारखा बदलतात आणि मजकूर तोच राहतो. मी तपासलेल्या एका गठ्ठ्यात सात जणांनी एकाच खटल्याची एकच उलटतपासणी ‘पाहिली’ होती आणि सातही जणांच्या वहीत साक्षीदाराचे आडनाव एकाच प्रकारे चुकले होते. मी सातही जणांना गुण दिले. का दिले, हे विचारू नये.

१ जुलै २०२४ रोजी फौजदारी कायद्याच्या नव्या तीन संहिता लागू झाल्या तेव्हा आम्ही कित्येक आठवडे जुन्या-नव्या कलमांचा तक्ता पाठ करून घेण्यात घालवले. ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८ झाले. त्याची गरज होती, नाकारत नाही. पण कलमाचा आकडा बदलला की महाविद्यालय लगेच जागे होते आणि निफाडमधल्या बाईचा आकडा बदलला तर त्याची दखल परीक्षेत येत नाही, हे खरे आहे.

पुढच्या सत्रापासून हा विषय मी सातबारा आणि फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, समोर ठेवून शिकवणार आहे. विद्यार्थिनीने आपल्या घरचा १९९८ चा वारस फेरफार, नावे झाकून, वर्गासाठी दिला तर मी आभारी राहीन.

बागाईतदार आणि सनदधारक

सर्वांचे वाचून एक बाजू राहते आहे असे वाटले म्हणून लिहितो. मी वकिलीची सनद घेतली आहे, पण मुख्यतः शेती करतो. बहिणींच्या लग्नाला वडिलांनी कर्ज काढले, ते मी फेडले. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे बाग सांभाळून दवाखाना मी केला. गारपिटीने माल गेला तेव्हा सोसायटीचे हप्ते माझ्या डोक्यावर होते. हिश्श्याचा हिशेब गुंठ्यांत होतो, या गोष्टींचा कशात होतो? आणि सहा एकराचे चार तुकडे केल्यावर दीड एकरावर औषध, मजुरी, मंडपाचा खर्च काढून कोणते कुटुंब उभे राहील? कायदा करणाऱ्यांनी बाग कधी लावलेली नसते. बहिणीवर अन्याय व्हावा असे मी म्हणत नाही, पण भावाला चोर ठरवून हा विषय शिकवला जाऊ नये.

तीस वर्षे दिवाणी बाजू

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यातल्या बऱ्याच भागाला कायद्यात उत्तरही आहे, फक्त ते कोणी वापरत नाही. कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले कर्ज आणि मिळकतीवरचा बोजा हे वाटपाच्या हिशेबात घेता येतात. तुकड्यांची भीती असेल तर बहिणीचे नाव लावून बाग भावाने करायची आणि तिला ठरलेली रक्कम द्यायची, अशी कौटुंबिक व्यवस्था लिहून ठेवता येते. हिस्सा विकत घेता येतो. हक्कसोडपत्रात मोबदल्याचा रकाना असतोच, तो शून्यच असला पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही, फक्त रक्कम आली की मुद्रांक शुल्क वाढते. मी पाहिलेल्या दस्तांत मात्र बहुतेक वेळा शून्यच. लग्नाच्या खर्चाचा मुद्दा घ्यायचा तर तो भावाच्या लग्नालाही झालेला असतो.

एक गोष्ट जाता जाता. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाने खून केला. त्यातून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि शेवटी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, जो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याआधी १९४९ मध्ये मुंबई प्रांताने असाच प्रयत्न केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला होता. तेव्हा कायदा रस्त्यावरून विधिमंडळात जाऊ शकतो हे याच शहराने दाखवले आहे. परंतु हिस्सा मागितला म्हणून बहिणीला दिवाळीला बोलावणे बंद होते, तो बहिष्कार कोणत्याही कलमात बसत नाही आणि बसूही नये. माझ्या समोर बसलेल्या बायकांना न्यायालयाची भीती वाटत नाही, त्यांना ही भीती वाटते.

सुरगाण्याहून

मी पाचव्या वर्षाला आहे. वरची सगळी चर्चा वाचताना मला सारखे वाटत होते की यातला एकही गुंठा माझ्या आईला लागू नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २, पोटकलम २ प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली अशी मोठी वस्ती आहे. २००५ ची दुरुस्ती, २०२० चा निवाडा, सगळे आमच्या शिवेपर्यंत येऊन थांबते. आमच्याकडे रूढी चालते, आणि रूढी कोणती हे विचारायला तलाठी गावातल्या पुरुषांकडेच जातो.

वर्गात हे कलम एका वाक्यात सांगितले गेले, ‘अपवाद’ म्हणून. मी हात वर करून विचारले की मग आमचे काय, तेव्हा ‘तो वेगळा विषय आहे’ असे उत्तर मिळाले. तो वेगळा विषय पाच वर्षांत कोणत्याही विषयपत्रिकेत आला नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सांगितले की स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर ती आहेच असे गृहीत धरता येणार नाही आणि समानतेच्या तत्त्वाने त्यांना हिस्सा मिळेल. म्हणजे रूढी सिद्ध करण्याचे ओझे वगळणाऱ्यावर आले. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, पण ती रूढी ‘सिद्ध’ कशी करायची किंवा खोडायची कशी, साक्षीदार कोण घ्यायचे, आजीची साक्ष कशी नोंदवायची, हे आम्हाला कोण शिकवणार?

उलट गंमत अशी की आमच्याच घरी वनहक्काचा जो पट्टा मिळाला तो २००६ च्या कायद्याच्या कलम ४, पोटकलम ४ प्रमाणे आई आणि बाबा दोघांच्या नावावर आहे. त्या पट्ट्यांसाठी मार्च २०१८ मध्ये आमच्याकडची माणसे नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईपर्यंत चालत गेली, आईही गेली होती. तिच्या नावावर असलेली ती एवढीच जमीन आहे. खातेफोडीच्या, म्हणजे वाटणी होऊन वेगळी खाती पडलेल्या, जमिनीवर फक्त मामांची नावे आहेत.

मॅडम, आपण सातबारा वर्गात आणणार असाल तर एक सातबारा सुरगाण्याचाही आणावा. मी देईन.

अध्यापिका, गंगापूर रोड

नक्की द्यावा. आणि त्याच तासाला आपण यावे, ‘तो वेगळा विषय’ आपण मांडावा, मी मागच्या बाकावर बसेन.

निफाडची विद्यार्थिनी

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण वकीलसाहेबांनी मांडलेला हिशेब घरच्या कागदांवर पडताळून पाहायचा होता.

१९९८ चा वारस फेरफार सापडला. त्यात चारही मुलांची नावे वारस म्हणून आहेत, पण सातबारावर कब्जेदाराच्या रकान्यात वडिलांचे एकट्याचे नाव आहे, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले आहे, आणि तिन्ही आत्यांची नावे ‘इतर अधिकार’ या रकान्यात, विहिरीच्या हिश्श्याच्या आणि सोसायटीच्या बोज्याच्या मधोमध आहेत. सव्वीस वर्षांहून अधिक काळ त्या तेथे होत्या. माझ्या प्रकल्पात मी या रकान्याचा उल्लेखही केलेला नव्हता, कारण तो कोणत्याही निवाड्यात मला आढळला नव्हता. नोंदणीकृत वाटप कधीही झालेले नाही. म्हणजे साठ गुंठेच.

हक्कसोडपत्राच्या फेरफाराची नोटीस निघाली आहे, हरकतीसाठी पंधरा दिवस आहेत, त्यातले सहा गेले. हरकत घ्यावी असे मी कोणाला सांगितलेले नाही. वकीलसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे त्यासाठी कारण लागते आणि आमच्या घरात कोणी कोणाला फसवले नाही. मी फक्त एका कागदावर तीन ओळी लिहिल्या: ३०, २० आणि ६०, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोठून आला ते लिहिले.

रविवारी तो कागद वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. साठ या आकड्यावर ते काही बोलले नाहीत, वीसवर मात्र अडकले. ‘थोरल्या दोघींचे कमी कसे झाले?’ म्हणून त्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावून सांगायला लावले, आणि शेवटी स्वतः बोटांवर मोजून पाहिले. मग विचारले, ‘हे त्यांना माहीत आहे का?’ मी नाही म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून ती सातबाराच्या फाइलमध्ये ठेवली आणि धाकट्या आत्याला फोन लावून विचारले की बुधवारी घरी आहेस का.

मॅडम, फेरफाराची प्रत मी सोमवारी घेऊन येते. नावे झाकलेली नाहीत. झाकू नका, असे वडील म्हणाले.